बर्फ एकीकडे, फाटलेला पाइप दुसरीकडे

पाणीपुरवठ्याच्या कामात माझं सारं आयुष्य गेलं. आपल्याकडे पाइप फुटला की कारणं ठरलेली असतात: गंज, जेसीबीचा दात, नाहीतर पंप अचानक बंद पडल्यावर बसणारा पाण्याचा दणका. थंडीनं पाइप फुटतो हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, पण पहाटेच्या त्या थोड्या वेळात नळातलं पाणी गोठत नाही. मुलगी अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला स्थायिक झाली आणि हा विषय मला कायमचा चिकटला.

शास्त्र थोडक्यात सांगतो. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते आणि ते गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्यामुळे मिनेसोटात रस्त्याखालच्या जलवाहिन्या सात-आठ फूट खोल पुरतात. धोका असतो तो घराच्या बाहेरच्या भिंतीतल्या, पोटमाळ्यातल्या आणि गॅरेजमधल्या पाइपांना.

आता माझ्या आवडीचा भाग. पाइपातलं स्थिर पाणी शून्याखाली काही अंश उतरलं तरी बराच वेळ द्रव राहतं. मग एकाएकी त्यात पिसांसारखा बर्फ पसरतो. अल्बर्टा विद्यापीठातल्या आर. आर. गिलपिन यांनी १९७०च्या दशकात याचा बारकाईनं अभ्यास केला. पाण्याचा थोडाच अंश गोठलेला असला, तरी हा बर्फ प्रवाह अडवू शकतो. पुढे त्याचं घट्ट बूच होतं आणि ते पाइपाच्या लांबीत वाढत जातं. बुचाच्या रस्त्याकडच्या बाजूचं पाणी मागे, मोठ्या वाहिनीत सरकू शकतं. नळाकडच्या बाजूचं पाणी मात्र बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडतं. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून तिथला दाब घरगुती दाबाच्या कितीतरी पट चढतो आणि पाइप फाटतो. अनेकदा तो फाटतो तिथे बर्फाचा कणही नसतो! शिवाय फुटल्याचं लगेच कळतही नाही. थंडी ओसरते, बूच वितळतं आणि मग घरात पाणी भरतं. कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं पाइप फाटतो, हे इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं. बाहेरचं तापमान साधारण उणे ७ अंशांवर आलं की पोटमाळ्यातला उघडा पाइप गोठू लागतो, हेही तिथंच दिसलं.

कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेवर सोडतात, त्याचं मर्म यातच आहे. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो, हा फायदा आहेच. पण बूच धरलं तरी कोंडलेल्या पाण्याला उघड्या तोटीतून वाट मिळते, हा फायदा माझ्या मते मोठा. माझ्या पत्नीला टपकता नळ बघवत नाही. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या बाईला तो बघवेल तरी कसा? मुलीनं सोडून ठेवलेली धार ती रात्री उठून बंद करायची. शेवटी कागदावर आकृती काढून दाखवली, तेव्हा ऐकलं.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात लाखो घरांची वीज गेली आणि तिच्याबरोबर घरातली ऊबही. तिथल्या कित्येक घरांत पाइप पोटमाळ्यातून नेलेले असतात. ते असंख्य ठिकाणी फुटले.

अंगणातल्या नळाची रचना मला फार आवडते. मिनेसोटासारख्या थंडीसाठी बनवलेल्या नळाची चावी बाहेर असते, पण पाणी अडवणारा वॉशर लांब दांड्याच्या टोकाला, भिंतीआड उबेत बसतो. नळ बंद केला की पुढचं पाणी आपोआप निथळून जातं. मात्र बागेचा रबरी पाइप तसाच जोडून ठेवला तर ते निथळत नाही, आणि इतकी सुरेख युक्ती फुकट जाते.

डिसेंबरात कुलूप लावून पुण्या-नाशिकला येणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक हवं. घरातलं हीटिंग १३ अंशांच्या खाली नेऊ नये. मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडावेत आणि पाइप रिकामे करावेत. घरात राहणार असाल तर कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा. पाइप गोठलाच, तर तोटी उघडून तोटीकडून मागे मागे हेअर ड्रायरनं शेका. ज्योत कधीही लावू नका.

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला अमेरिकेत फोन कराल, तेव्हा बागेचा पाइप नळावरून काढला का, तेवढं नक्की विचारा.