अनरसा का हसतो?

‘अंदाजाने घाल’ हे स्वयंपाकघरातले सर्वांत अवघड वाक्य आहे. आईला कोणत्याही जुन्या गोड पदार्थाची कृती विचारावी, तर उत्तरात आकडे थोडे आणि अंदाजच फार. पाकपुस्तकांच्या वाचकाला हा अडाणीपणा वाटण्याचा संभव आहे. माझे मत वेगळे आहे. या अंदाजामागे पक्के शास्त्र असते. ते आकड्यांत नव्हे, खुणांत मांडलेले असते, इतकेच. उदाहरणादाखल आमच्या पनवेलच्या घरात आजीकडून आईकडे आलेला अनरसा घेऊ.

आजी तांदूळ चिपट्या-मापट्याने मोजी. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने आली आणि हळूहळू हे कोष्टक विस्मृतीत गेले. तरी अनरशाचे काही अडले नाही. कारण कृतीचा गाभा मापात नव्हता, प्रमाणात होता : जितके पीठ तितकाच गूळ, वजनास वजन.

तांदूळ जुना घ्यावा. नवा चिकट होतो. तो तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचे. या काळात तांदूळ किंचित आंबतो. पाणी बदलल्यामुळे मात्र त्याला उग्र वास येत नाही. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरायचा. किती वेळ? इथे घड्याळ उपयोगी पडत नाही. श्रावणातली हवा वेगळी, दिवाळीतली वेगळी. आईची खूण अशी : मूठभर तांदूळ हाताला गार लागावा, पण तळव्याला पाणी लागू नये. अशा दमट तांदळाचे पीठच गुळाशी एकजीव होते. पूर्वी हे काम उखळात होई, आता मिक्सरवर होते; चाळणी मात्र बारीकच हवी. चिकीचा गूळ घेऊ नये, अनरसे कडक होतात. गूळ किसून, चमचाभर तूप घालून, मळून केलेला गोळा झाकणाच्या बरणीत पाच-सहा दिवस मुरू द्यायचा.

आता शीर्षकातला प्रश्न. तुपात सोडलेला अनरसा पसरून विस्कटला, की बायका म्हणतात, ‘अनरसा हसला.’ अनरसा हसला की करणारीचा चेहरा मात्र पडतो! कारण साधे आहे. तापल्यावर गूळ पातळ होतो. गूळ किंवा ओल जास्त झाली असेल, तर पिठाला ते सारे धरून ठेवता येत नाही. तूप पुरेसे तापलेले नसले तरी हेच होते. उपाय म्हणजे थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळून घालणे. उलट पीठ कोरडे पडले, तर जाळी पडत नाही. तेव्हा दुधाचा हात किंवा पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कामी येतो. म्हणूनच आई आधी सुपारीएवढा तुकडा तळून पाहते. प्रयोगशाळेतही याहून वेगळे काय करतात?

खसखशीवर थापलेला अनरसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळतात आणि उलटत नाहीत. आतली ओल वाफ होऊन वरच्या अंगाने निघते आणि तिच्या वाटांची जाळी होते. उलटला, तर खसखस तुपात सुटून जळेल. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवूनच शिजवायची. मग चाळणीत उभा करून निथळायचा.

या जाळीला अधिक महिन्यात मान आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. ही अकरा दिवसांची तूट तीन वर्षांत तेहतीसच्या घरात जाते, म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरतात. २०२३ साली अधिक श्रावण होता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनरसे देतात, तेही जाळीदार.

इतर जुन्या पदार्थांनाही असाच ऋतूचा आणि जागेचा आधार असतो. नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य, म्हणून हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या. आणि नेमके तेव्हाच हळदीचे पान हातभर झालेले असते. सांदणाला बरका फणसच हवा, काप्याचा रस निघत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, भोवतालच्या भातशेतीवर वसाहती उठल्या, आणि परसातली हळद आता बाजारातून आणावी लागते. पण पान विकत मिळते. खूण विकत मिळत नाही.

याचा पुरावा आमच्याच घरात आहे. आजीच्या वहीत ‘निनाव’ची कृती आहे : बेसन, कणीक, गूळ, नारळाचे दूध, जायफळ, खाली-वर निखारे. साहित्य पूर्ण आहे. पण मिश्रण शिजवताना किती आटले म्हणजे उतरवायचे, हे तिने लिहिले नाही. तिला ते लिहिण्यासारखे वाटले नसावे. आता विचारायला आजी नाही. आई दरवर्षी निनाव करते, आम्ही आवडीने खातो, आणि ती दरवर्षी म्हणते, “सासूबाईंसारखा नाही झाला.”

म्हणून मी आईच्या कृती उतरवताना वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात साहित्य, दुसऱ्यात खुणा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब होतो आहे. मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत तुम्हीही अशी वही घालून पाहा. आणि आई ‘अंदाजाने’ म्हणाली, की तिथेच थांबून विचारा, ‘म्हणजे कसे?’