बारा सेकंदांची बारी

पारनेर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पारावर बसलेल्या एखाद्या साठी-पासष्टीच्या माणसाला एवढंच विचारावं, ‘तुमच्या घाटात सगळ्यात जोराची बारी कुणाची झाली हो?’ आणि चहा सांगून टाकावा. तासाभराची सोय होते. गाडामालकाचं नाव, त्याची वस्ती, जुकाटाला कोणते दोन बैल होते, धुरेला कोणते, घोडीवर कोण होता, त्या दिवशी वळवाचा पाऊस आला होता की नव्हता, सगळं ओळीनं बाहेर येतं. फक्त सेकंद विचारू नयेत. सेकंद विचारले की शेजारचा माणूस हरकत घेतो, आणि मग चहा थंड होतो.

घाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला माळशेज आठवतो, नाहीतर नदीच्या पायऱ्या. पारनेरचा पश्चिम भाग आणि संगमनेरचं पठार या पट्ट्यात घाट म्हणजे बैलगाड्यांची धाव. ही जुन्नर-आंबेगाव-खेडची चाल. जिल्ह्याची हद्द नकाशावर आहे, यात्रेत ती कुणी पाळत नाही. गावाबाहेर, बहुधा देवळाजवळ, चढणीची एक सरळ पट्टी राखलेली असते. दोन्ही अंगांना दगडमातीचे बांध किंवा कठडे, त्यावर माणसं. खाली गाडे जुंपायची जागा, वर निशाणाची. चढण ठेवण्यामागे शहाणपण आहे. जिवाच्या आकांतानं धावत आलेली चार जनावरं वर पोचल्यावर थांबवायची कशी, हा प्रश्न निम्मा तो चढच सोडवतो.

चार जनावरं, हो. साताऱ्या-सांगलीकडे छकड्याला दोन बैल असतात, हाकणारा असतो आणि पाच-सात छकडे एका वेळी शेजारी-शेजारी सुटतात. विदर्भात शंकरपट, त्याची तऱ्हा आणखी निराळी. आपल्या घाटात गाडा एकटाच धावतो आणि त्याची शर्यत घड्याळाशी असते. गाड्याला लागून असलेली जोडी धुरेची, तिच्या पुढची जुकाटाची. सगळ्यांच्या पुढे घोडी. घोडीवर स्वार असतो; गाड्यात मात्र कुणीही नसतं. नवख्या पाहुण्याला हे दोनदा सांगावं लागतं. हाकणारा नाही, लगाम नाही, ब्रेक नाही. घोडी पुढे उधळते, तिच्या मागे चार बैल आणि बैलांच्या मागे रिकामा हलका गाडा. खालची जुंपणारी पोरं बैलांना कशीबशी धरून असतात, इशारा होतो, हात सुटतात, कर्ण्यावरचा पुकारणारा ‘भिर्रर्र’ म्हणेपर्यंत गाडा निम्म्यात आलेला असतो. अकरा, बारा, फार तर तेरा-चौदा सेकंद. मग धूळ, आणि धुळीतून घोडीमागे पळणारी मालकाची माणसं.

या एका धावेला बारी म्हणतात. आणि घाटाची सगळ्यात सुंदर गोष्ट, माझ्या मते, बारीत नसून तिच्या हिशेबात आहे. पहिला नंबर म्हणजे एकच गाडा, असं इथे नव्हतं. अमुक सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यानंतरचे दुसऱ्या नंबरात, असा पट्टा ठरलेला असे. नंबराला जाहीर झालेलं इनाम त्या नंबरात बसलेल्या सगळ्या गाड्यांत वाटलं जाई. ‘घाटाचा राजा’ वगैरे मान वेगळे, त्यांचे फेटे आणि ढाली वेगळ्या. पण वाटणीला आलेल्या रकमेत बैलांचा टेम्पो आणि पोरांचं जेवण निघालं तरी खूप झालं, अशीच बहुतेकांची गत. म्हणजे पैशासाठी हे कुणी करत नव्हतं. नंबरात बसलो, एवढं गावभर सांगता यावं यासाठी करत होते.

चैत्र लागला की यात्रांची रांग लागते. कुकडीकाठच्या निघोजची मळगंगा ही त्यातली मोठी. रांजणखळग्यांमुळे शहरी लोकांना निघोज माहीत आहे, या पट्ट्यात ते यात्रेमुळे माहीत आहे. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची यात्रा. यात्रा कमिटी हँडबिलं छापायची: वर देवाचा फोटो, खाली तमाशाचं नाव, कुस्त्यांचा आखाडा, आणि मधोमध बैलगाड्यांची इनामं. सासुरवाशिणी माहेरी येत, मुंबईला माथाडीत आणि गोदीत गेलेले भाऊ रजा टाकून येत. गाडा बहुतेक वेळा एकट्याचा नसे. एकाची घोडी, दुसऱ्याचे जुकाटाचे बैल, तिसऱ्याचे धुरेचे. भावकीत बांधावरून कोर्टात गेलेली माणसं एका गाड्याला बैल देत, हे मी पाहिलेलं आहे. तारखेला कोर्टात पुन्हा समोरासमोर उभी राहत, तेही.

बैल खिल्लार. पांढरा किंवा कोसा, अंगानं सडपातळ, शिंगं मागे वळलेली, डोळ्यात कायम संशय. ही जात मूळची सोलापूर-सांगली-सातारा भागातली, माणदेशाकडची. दूध फारसं देत नाही, म्हणून गाय परवडत नाही. नगर जिल्ह्यात दुधाचा धंदा वाढला तसा गोठ्यात संकरित गाई आल्या, शेतात ट्रॅक्टर आला; खिल्लार गोऱ्ह्याला मग दोनच गिऱ्हाइकं उरली, एक गाडाशौकीन आणि दुसरा कसाई. श्रीगोंदा तालुक्यात काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे उभं राहून पाहिलं की कळतं: शेतकामाचा बैल घेणारा दात बघतो, खांदा बघतो, शर्यतीचा घेणारा नुसता चालवून बघतो आणि जनावर बिचकतं कसं ते बघतो. बिचकणारं हवं असतं. पुढे त्याचा खुराक सुरू होतो, शेंगदाणा पेंड, हरभऱ्याचा भरडा, दूध, अंडी. घरातल्या पोरांना अंडं मिळो न मिळो. ही तक्रार मी बायकांकडून ऐकली आहे, आणि तिच्यात चेष्टा थोडी, खरं जास्त असे.

इथे थोडं लांब जाऊन यावंसं वाटतं. इंग्लंडात ‘स्पीडवे’ नावाचा मोटारसायकलींचा खेळ आहे. लंडनजवळच्या एपिंग जंगलात हाय बीच इथे १९ फेब्रुवारी १९२८ ला झालेल्या शर्यतीपासून तिथली माणसं त्याचा इतिहास मोजतात. मातीची लंबगोल धाव, चार स्वार, चार फेऱ्या, पाचशे सीसीची गाडी, आणि तिला ब्रेक नसतो. मिनिटभरात खेळ खलास. गावोगावी क्लब होते: विम्बल्डन, कोव्हेंट्री, एक्सेटर. एक्सेटरचं मैदान २००५ मध्ये, कोव्हेंट्रीचं ब्रँडन २०१६ च्या हंगामानंतर या खेळाला मुकलं; विम्बल्डनलाही २००५ मध्येच गाड्या थांबल्या. तिथले म्हातारे शौकीन इंधनाच्या वासाबद्दल आणि तोंडावर उडणाऱ्या मातीबद्दल जे बोलतात, ते ऐकताना मला आमचा पारच दिसतो. एक फरक मात्र मोठा आहे. तिथला प्रेक्षक छापील कार्यक्रमपत्रिका विकत घेतो आणि प्रत्येक शर्यतीचे गुण पेन्सिलीनं स्वतः भरतो. त्या पत्रिका लोकांनी जपल्या. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी तिसऱ्या शर्यतीत दुसरा कोण आला, हे आजही काढता येतं. आमच्या घाटाचं असं काहीही नाही. घड्याळवाल्यानं सेकंद सांगितले, कमिटीच्या वहीत कुणीतरी लिहिले, यात्रा संपली, वही कुणाच्या तरी माळ्यावर गेली. जे आहे ते तोंडात. आणि तोंड सगळंच सांगत नाही.

ते पुढे सांगतो. आधी बंदी.

११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर बैल आला. ज्या भागात बिबट्या उसात राहतो आणि गोठ्यातल्या वासरावर डोळा ठेवतो, तिथे बिबट्या आणि बैल एका कागदावर आलेले ऐकून लोक आधी हसले. मग तीन वर्षं कधी परवानगी, कधी मनाई असं चाललं आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्रानं वाट काढली, ती आठवड्याच्या आत न्यायालयानं अडवली. तमिळनाडूच्या मागोमाग २०१७ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा दुरुस्ती कायदा केला, नियम केले. उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला.

मधल्या सात-साडेसात वर्षांत घाटांचं काय झालं? काही ठिकाणी बाभळी उगवल्या. काही ठिकाणी कठड्याचे दगड लोकांनी घरासाठी नेले. आडरानात पहाटे चोरून गाडे पळाले, गुन्हे दाखल झाले. यात्रा होत राहिल्या. तमाशा, कुस्त्या, पालखी सगळं होतं, पण दुपारी बाराला माणसं सवयीनं घाटाकडे निघत आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरत. मुंबईचे भाऊ एक दिवस उशिरा येऊन एक दिवस आधी जाऊ लागले. गोऱ्ह्यांचे भाव पडले. आणि याच वर्षांत आठवणींना धार आली. प्रत्येक बारी दर वर्षी थोडी आणखी जोरात पळू लागली. बाराची साडेअकरा झाली, साडेअकराची अकरा.

आता ते राहिलेलं. पारावरच्या तासाभराच्या गोष्टीत टोचणी कुठेच येत नाही. जुंपताना बैलाच्या शेपटीला दातानं चावणारा माणूस येत नाही, काठीच्या टोकाचा खिळा येत नाही, बॅटरीचा शॉक येत नाही. हे सगळीकडे होत होतं असं नाही. चांगले मालक बैलाला बोटही लावू देत नसत आणि त्यावरून घाटात मारामाऱ्या झालेल्या आहेत. पण होत होतं. मी लहानपणी कठड्यावर बसून गाडे पाहिले. धूळ आठवते, गुलाल आठवतो, बर्फाचा गोळा आठवतो. खाली जुंपायच्या जागी काय चाललंय ते मात्र आठवत नाही. कारण तिकडे कुणी बघतच नव्हतं, सगळ्या माना वर निशाणाकडे. न्यायालयानं नेमकं तिकडे बघितलं. म्हणून बंदी म्हणजे शेतकऱ्यावरचा निव्वळ अन्याय, हे मला मान्य नाही. बंदी लांबली, तिच्यात गोऱ्हे कसायाकडे गेले, हे खरं. पण तिच्यावाचून आजचे नियम आले नसते, हेही खरं.

आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. धाव हजार मीटरांपेक्षा लांब चालत नाही. घाट तसाही त्याच्या निम्म्यालाही जात नाही. काठी, चाबूक, शॉक यांना मनाई. छळ सिद्ध झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम कमिटीच्या फलकावर असतात. प्रत्येक जुंपणीला पाळले जातात का, ते ज्यानं त्यानं खाली उतरून बघावं.

परत आलेला घाट जुना नाही. सेन्सरचं घड्याळ आलं, मोठ्या पडद्यावर सेकंदाचे शंभरावे भाग दिसतात, मोबाइलवर बारी थेट बघता येते. छकड्याच्या मैदानातल्या ‘बकासुर’ बैलाचं नाव नगरच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. इनामं दुचाकीवरून ट्रॅक्टरवर गेली, आणि २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या घाटात पहिल्या बक्षिसाला जेसीबी लागला. मला जेसीबीचं वावडं नाही. पण जेसीबी आठ गाड्यांत वाटता येत नाही. नंबरात बसण्याची ती जुनी रीत, की जोराचा धावलेला प्रत्येकजण पहिलाच, ती मोठ्या इनामाच्या मैदानात मागे पडते आहे, आणि पारावरच्या आठवणींत नेमकी तीच रीत कुणी सांगत नाही. सगळे आपापल्या राजाबद्दल बोलतात.

म्हणून एक विनंती. पारनेर-संगमनेरकडच्या कुणाच्या घरी जुन्या यात्रा कमिटीची वही असेल, हँडबिलं असतील, गुलालात माखलेल्या गाड्याचा रंग उडालेला फोटो असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, वर गावाचं नाव आणि साल घाला, आणि गावच्या शाळेत किंवा वाचनालयात एक प्रत ठेवा. जुंपणीला कोण होतं, त्यांच्या हातात काय होतं, हे म्हाताऱ्यांना आठवत असेल तर तेही खाली लिहून घ्या. सेकंदांवरून भांडण होईल. होऊ द्या, पण वही समोर ठेवून.