ड्रॅगन फ्रूट घेताना

हल्ली पावसाळा लागला की बाजारात एक नवे फळ दिसू लागते. रंग लाल-गुलाबी. आकार लांबट, मोठ्या पेरूहून मोठा. अंगावर माशासारखे खवले आणि खवल्यांची टोके हिरवी. गाडीवाला ओरडतो, "ड्रॅगन घ्या, ड्रॅगन!" माणसे थांबतात. फळ हातात घेऊन फिरवतात, भाव विचारतात आणि परत ठेवून देतात. जे नेतात त्यांच्यातले काहीजण दुसऱ्या दिवशी म्हणतात, "दिसायला राजा, खायला नुसतं पाणी!"

या फळाला नावे ठेवू नका. ते गोड असते. पण ते निवडून घ्यावे लागते आणि निवडायचे कसे, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. आंबा कसा घ्यावा हे आपण आईजवळ शिकलो. हे फळ आईच्या वेळी नव्हतेच.

आधी त्याचे कूळ पाहू. ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या जातीतले फळ आहे. नवल वाटून घेऊ नका. माळावरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडे लहानपणी कित्येकांनी काटे झाडून खाल्ली असतील. हा त्याच्याच गोतातला. याचा वेल मांसल असतो आणि त्याला तीन धारा असतात. बांधावरचा तीनधारी निवडुंग तुम्हाला ठाऊक आहे. दिसायला तसाच, पण तो वेगळा. त्याला पांढरा चीक येतो आणि तो अंगाला बाधतो. याला तसा चीक येत नाही. शहरात पुष्कळांच्या कुंडीत ब्रह्मकमळ म्हणून एक झाड असते. रात्री फुलते, सकाळी मिटते. तेही याचेच भावंड. ड्रॅगनचे फूलही असेच पांढरे, वीतभर लांब आणि एका रात्रीचे. फुलल्यापासून सुमारे एक महिन्यात फळ तयार होते.

याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच लोकांनी ते व्हिएतनाम देशात नेले. तिथे ते इतके रुजले की आज ते देश या फळासाठी जगात प्रसिद्ध आहे. ड्रॅगन म्हणजे त्या बाजूच्या गोष्टींमधला खवल्यांचा अजस्र सर्प. खवले पाहून फळाला ते नाव पडले. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नाव 'कमलम्' ठेवले, कारण त्यांना त्यात कमळ दिसले. आपल्या बाजारात मात्र ड्रॅगनच चालते.

आपल्याकडे सांगली, सोलापूर या बाजूला शेतकऱ्यांनी याच्या बागा केल्या आहेत. सिमेंटचे खांब रोवायचे, वर चक्र बसवायचे आणि वेल त्यावर चढवायचा. याला पाणी थोडे लागते, म्हणून कोरड्या मुलखाला ते मानवते. बारामतीजवळ माळेगाव इथे केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. खडकाळ जमिनीत हे पीक कसे घ्यावे, याचा अभ्यास तिथे झाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावची फळे जून २०२१ मध्ये दुबईला गेली. म्हणजे फळ परदेशी असले तरी आता ते आपल्या माणसांच्या घामाचे आहे.

आता मुख्य गोष्ट. ही नीट ध्यानात घ्या.

हे फळ घरी आणल्यावर पिकत नाही.

आंबा पाडाला लागला की आपण उतरवतो आणि आढी घालतो. कैरीत पीठ साठलेले असते. आढीत त्या पिठाची साखर होते आणि आंबा गोड होतो. केळ्याचेही तसेच. ड्रॅगनच्या पोटात अशी शिदोरीच नसते. वेलीवरून तोडले त्या घडीला जेवढी गोडी, तेवढीच. पुढे ठेवले तर ते मऊ पडेल, सुकेल, पण गोड होणार नाही. द्राक्षाचा आंबट घड चार दिवस टांगून ठेवला म्हणून गोड होतो का? डाळिंबाचे, संत्र्याचे तेच. आमच्या शेजारच्या आजींनी दोन कच्ची ड्रॅगन आठ दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. तांदूळ फुकट राबले!

दुसरी गोम रंगाची आहे. या फळाची साल आधी लाल होते, गोडी मागून येते. साल लाल झाल्यावर आणखी चार-पाच दिवस फळ वेलीवर राहिले तर ते भरते. पण माल लांब न्यायचा असला, किंवा भाव चढला असला, की ते लवकर तोडले जाते. वरून लाल, आतून पाणचट. नुसत्या रंगावर भुलायचे नाही ते यासाठी.

मग पाहायचे काय? फळ तळहातावर घ्या आणि अंगठ्याने हलकेच दाबा. दगडासारखे लागले तर कच्चे. बोट आत रुतले तर उतरलेले. किंचित दबले आणि परत वर आले, तर ते घ्या. मग खवले पाहा. सगळे खवले हिरवेगार आणि ताठ असले तर तोडायची घाई झाली असे समजा. टोके जरा पिवळसर झालेली चांगली. पण खवले वाळून तपकिरी झाले असले आणि साल सुरकुतली असली, तर फळ शिळे आहे. दोन फळे सारख्या आकाराची असली तर जड असेल ते उचला. देठाची जागा आणि खालचे टोक जरूर पाहा. पावसाचे पाणी फार झाले की फळ तडकते आणि त्या चिरेतून बुरशी शिरते. तिथे ओल, काळा डाग किंवा मुंग्या दिसल्या तर ते फळ अर्ध्या किमतीतही नको. सालीवर एखादा कोरडा तपकिरी ओरखडा असला तर चालतो.

आत गर पांढरा की लाल, हे नवख्याला बाहेरून कळत नाही. विकणाऱ्याला विचारा. बहुतेक गाडीवाले एक फळ कापून ठेवतात. लाल गराचे बहुधा जास्त गोड लागते. पांढरे सौम्य असते. बाहेरून पिवळी साल असलेलीही एक जात आहे. ती फार गोड, पण आपल्या गाडीवर क्वचितच दिसते.

थोडा हिशेबही करू. समजा भाव १०० रुपये किलो आहे. ४०० ग्रॅमचे फळ ४० रुपयांना पडले. त्याची साल निघाली १२० ग्रॅम. खायला उरला गर २८० ग्रॅम. म्हणजे गराचा भाव झाला सुमारे १४३ रुपये किलो. साल जाड असली तर आणखी चढा. पेरू आपण सालीसकट खातो. भाव विचारताना हे मनात असू द्या.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. ओल राहिली की बुरशी धरते. फ्रिज नसेल तर टोपलीत, सावलीत, वारा लागेल अशा जागी एकेक सुटे ठेवा. एकावर एक रचू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. तीन-चार दिवसांत संपवा. फ्रिज असेल तर भाजीच्या कप्प्यात आठवडाभर राहील. बर्फाच्या कप्प्याखाली ठेवू नका. फार गारठ्याने खवले काळवंडतात आणि गर बिघडतो.

खायच्या वेळी धुवा आणि उभे दोन भाग करा. चमच्याने गर काढा. काळ्या बिया सब्जासारख्या बारीक असतात, त्या तशाच खायच्या. साल टाकून द्यायची. गार करून, चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळून बरे लागते. अर्धे उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा. फ्रिज नसेल तर उरवू नका, शेजारच्या पोराला द्या.

आता एक काळजीची गोष्ट. या फळाचा हंगाम आणि डेंगूच्या तापाचा हंगाम एकच, पावसाळ्याचा. ताप आला, रक्त तपासले, "पेशी कमी झाल्या" असे कळले, की लोक ड्रॅगन शोधत धावतात. त्या पेशी म्हणजे प्लेटलेट. ड्रॅगनने त्या वाढतात असा बोलबाला आहे. त्याला भक्कम पुरावा नाही. आजार उतरू लागला की प्लेटलेट बहुधा आपोआप वाढतात आणि नाव होते फळाचे. रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी त्यात घालतो, हे पाहून जीव तुटतो. रोग्याला आवडत असेल तर खुशाल द्या. या फळात शंभर ग्रॅमला सुमारे ८५ ग्रॅम पाणीच असते, ते पोटात जाईल. पण ते औषध नव्हे. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगात ग्लानी, यातले एक जरी दिसले तर त्याच पैशांची रिक्षा करा आणि दवाखाना गाठा. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस तर जास्तच जपा. धोका पुष्कळदा तेव्हाच असतो.

मधुमेहाच्या माणसाने, गोडी कमी लागली तरी, हे फळ पोटभर खाऊ नये. साखर त्यातही आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. 'क' जीवनसत्त्वासाठी म्हणून कुणी घेत असेल, तर पेरूत ते याहून कितीतरी पट जास्त असते आणि पेरू आपल्या परसातही येतो.

लाल गराचे फळ खाल्ले की दुसऱ्या दिवशी लघवीला किंवा शौचाला लालसर रंग दिसतो. बीट खाल्ल्यावर दिसतो तसा. तो फळाचा रंग, रक्त नव्हे. मुलांना तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी घर डोक्यावर घेतील. एक-दोन दिवसांत रंग जातो. फळ बंद करूनही गेला नाही, तर मात्र दवाखान्यात दाखवा.