मालेगावचा सुपरमॅन आणि एक नामंजूर अर्ज

आमच्याकडे थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात. कांग नदीच्या पलीकडे पुतण्याचं शेत आहे. तिथे संध्याकाळी पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ती ठेचायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर हाणायची. या वर्षीही सगळे जमले होते. पुण्याहून पुतण्याचा मुलगा आला होता, जळगावला इंजिनीअरिंग करणारा माझा नातू होता, नववीतली नात होती. वांग्यांची सालं काढता काढता त्या तिघांत वाद जुंपला. विषय होता, कोणत्या सुपरहिरो सिनेमाची लोकांनी हवी तेवढी कदर केली नाही.

प्रथम मी फारसं लक्ष दिलं नाही. ज्या सिनेमांत इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात आणि कोणालाच साधं खरचटतही नाही, त्यांच्यात मला रस नाही. पण शब्द कानावर पडला आणि माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. मुलं ‘अंडररेटेड’ म्हणत होती. अहो, हा आमचा रोजचा धंदा! सोनं तारण घेताना सराफ दागिना कसोटीवर घासतो, खडे आणि लाख वजा करतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर समोरच्या माणसाची पेरणी किंवा मुलीचं लग्न ठरतं. कमी आकडा सांगणारा सराफ बँकेला आवडतो, कारण त्यात बँकेचं नुकसान नसतं. नुकसान कोणाचं असतं, ते कुठल्याच खतावणीत येत नाही.

पुण्याच्या मुलाचं म्हणणं ‘अनब्रेकेबल’. २००० सालचा, मनोज नाइट श्यामलनचा. त्यातला नायक स्टेडियमवर सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. रेल्वे अपघातातून तो एकटा वाचतो आणि आपल्याला काहीच कसं लागत नाही, हे त्याला हळूहळू उमगत जातं. उडणं नाही, अंगाला चिकटलेला पोशाख नाही, पावसाळी रेनकोट आहे. हा सिनेमा मी पाहिलेला आहे आणि मला तो आवडतो, कारण त्या माणसाला नोकरी आहे, बायकोशी धड बोलणं नाही आणि मुलगा त्याच्याकडे आशेने बघतो आहे. पण त्याची कदर झाली नाही, हे काही मला पटेना. जगभर त्याच्यावर लेख लिहिले गेले. ज्याच्यावर लेख येतात, त्याची किंमत लागलेली असते.

नातीने ‘बाजी’चं नाव घेतलं. निखिल महाजनचा, २०१५ च्या फेब्रुवारीत आलेला, श्रेयस तळपदे आणि जितेंद्र जोशी यांचा. मराठीत मुखवटा घालून घोड्यावरून येणारा नायक आणायचा, हे धाडसच. थिएटरात तो फार टिकला नाही. “इंग्रजीत असता तर तुम्ही सगळे नाचला असता,” असं ती तावातावाने म्हणाली. पोरगी वकिलीत जाणार.

नातू म्हणाला, ‘भावेश जोशी सुपरहिरो’. विक्रमादित्य मोटवानेचा, २०१८ चा. तो मी नंतर त्याच्याच आग्रहावरून पाहिला. मुंबईतली दोन-तीन पोरं डोक्यावर कागदी पिशव्या घालून नियम मोडणाऱ्यांना पकडायला निघतात आणि शेवटी पाण्याच्या चोरीपर्यंत पोचतात. पाणी आणि टँकर हा सुपरहिरोचा विषय होऊ शकतो, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिकीटखिडकीवर मात्र तो साफ पडला. पोरं नोकरी सांभाळून क्रांती करायला जातात आणि त्यांची जी फटफजिती होते, ती फार खरी आहे. शेवटाकडे मात्र सिनेमा उगाच लांबतो.

“आबा, तुमचा कोणता?” नातीने विचारलं.

मी म्हणालो, “मालेगावचा.”

तिघेही हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

आता थोडं मागं जातो. ही उडण्याबिडण्याची गोष्ट परदेशातून आली, असा मुलांचा समज आहे. तो अर्धाच खरा. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला आणि त्यात हनुमान उडवला. राम आणि सीता ही दोन्ही कामं एकट्या साळुंकेंनी केली होती, ती गंमत वेगळीच. फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे मालेगावच्याच नाशिक जिल्ह्यातले. पुढे बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस दाखवला. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवायच्या, एवढीच करामत. त्यावरून त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. त्यांचाच दारासिंगवाला ‘किंग काँग’ १९६२ चा. आम्ही पोरं शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या यात्रेत तंबूत बसून असे सिनेमे पाहायचो, खाली गोणपाट, मागे प्रोजेक्टरची घरघर. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ एका अंकामागे दहा पोरं वाचत. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला, तेव्हा मी बँकेत लागून चार वर्षं झाली होती. मोगॅम्बोचा आवाज काढून आमचे हेडकॅशिअर गिऱ्हाइकांना नोटा मोजून देत. म्हणजे हे वेड आमच्यात होतंच. पैसा नव्हता, आणि म्हणून दोरा होता.

मालेगावच्या नासिर शेखने तोच दोरा पकडला. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. रात्रंदिवस खडखडाट. शुक्रवारी माग बंद, आणि बंद मागाचा कामगार सिनेमाला जातो. नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचा. सिनेमा दाखवता दाखवता, दोन व्हिडिओ रेकॉर्डर जोडून तो संकलन शिकला आणि २००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च ५० हजारांच्या आसपास. कॅमेरा सायकलवर बसवला की ट्रॉली, बैलगाडीवर चढवला की क्रेन. गावातली माणसं नट, गावातल्याच गल्ल्या सेट. मुंबईचा ‘शोले’ पाहून ज्यांचे डोळे दिपले होते, ते स्वतःला पडद्यावर पाहून पोट धरून हसले.

मग त्याने सुपरमॅन उडवायचं ठरवलं. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्या चित्रीकरणावर जो माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, तो २००८ चा. भारतातल्या चित्रपटगृहात तो २०१२ साली लागला. मी तो तीनदा पाहिला. नायक शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार. छातीच्या फासळ्या मोजता येतील असा काटकुळा. निळा पोशाख, लाल चड्डी आणि त्या चड्डीची नाडी पुढे लोंबते आहे. हा सुपरमॅन! ट्रकला हिरवं कापड लावून त्याला आडवा टांगतात, म्हणजे मागाहून संगणकावर आकाश भरता येईल. मध्येच त्यांचा एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच सुपरमॅनचं लग्न निघतं, शूटिंग थांबतं. नवरदेव हळद-मेंदी आटोपून पुन्हा उडायला हजर.

हसू येतं, पण त्या हसण्यात कुचेष्टा नाही. हॉलिवूडचा सुपरमॅन आपल्याला सांगतो की मी तुमच्यासारखा नाही, म्हणून तुम्हाला वाचवीन. शफीकचा सुपरमॅन नाडी सावरत उडतो. ज्या गावाचं नाव २००६ आणि २००८ साली बॉम्बस्फोटांमुळेच देशभर झालं, तिथली माणसं एकमेकांना हसवण्यासाठी रजा टाकून, पदरचे पैसे घालून दिवसभर उन्हात उभी राहतात.

शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. माहितीपट चित्रपटगृहात लागण्यापूर्वीच, ऐन तारुण्यात, तो गेला. त्याच्या गोष्टीवर रीमा कागतीने ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमा केला. लेखन वरुण ग्रोव्हरचं, शफीकच्या भूमिकेत शशांक अरोरा, नासिरच्या आदर्श गौरव. २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, २८ फेब्रुवारी २०२५ ला तो आपल्याकडे लागला आणि फार गर्दी न खेचता उतरला. मी घरच्या टीव्हीवर पाहिला. शेवटच्या वीस मिनिटांत बायकोने दोनदा विचारलं, “अहो, बरं वाटत नाही का?”

बरं वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण शफीक नव्हता.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याला मी एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. बँकेचं नाव कशाला हवं. जामनेरजवळच्या एका खेड्यातला तरुण अर्ज घेऊन आला. बाप कोरडवाहू दोन एकरांचा मालक, तीही चुलत्यांच्या सामाईकात. त्याला व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी ४० हजार हवे होते. लग्नसराईत लग्नं टिपीन, हप्ता फेडीन. इथपर्यंत ठीक होतं. मग मी सहज विचारलं, “आणि लग्नसराई संपली की?” त्याचे डोळे चमकले. म्हणाला, “साहेब, पिक्चर काढू. आपल्या जामनेरचा हिरो. पीजेच्या टपावरून उडेल.”

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, आमची छोटी रेल्वे. शेंदुर्णी, पहूर करत डुलत डुलत यायची. माणूस उतरून, लघवी करून पुन्हा चढू शकेल, असा तिचा वेग. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली आणि त्या रुळांवर पुन्हा धावलीच नाही. तिच्या टपावरून सुपरमॅन उडणार, हे ऐकून मी हसलो. शेजारच्या टेबलालाही सांगितलं, तोही हसला. तो मुलगाही आमच्याबरोबर हसला. हे मला अजून आठवतं.

अर्जावर मी लिहिलं, ‘तारण अपुरे. व्यवसायाची शाश्वती नाही. शिफारस करता येत नाही.’ खाली सही. नियमाने यात काही चूक नव्हती. तारण अपुरं होतंच. तपासणीला कोणी आलं असतं, तर माझी पाठ थोपटली असती. पण मी त्याला जामीनदार आण म्हणू शकलो असतो. बेरोजगार तरुणांसाठी तेव्हा सरकारी योजना होत्या, जिल्हा उद्योग केंद्रात जा, असं सांगू शकलो असतो. अर्जावरचा पिक्चर खोडून नुसती लग्नं ठेव, एवढं शहाणपण तरी देऊ शकलो असतो. मी काहीच सांगितलं नाही, कारण मला हसू आलं होतं. पुढे चार-पाच वर्षांनी मालेगावात कोणीतरी ५० हजारांत ‘शोले’ काढला हे वाचलं, तेव्हाही मला त्या अर्जाची आठवण झाली नाही. ती झाली टीव्हीसमोर, तीस वर्षांनी.

हे सगळं मी त्या शेतावर मुलांना सांगितलं. पऱ्हाट्यांची राख झाली होती. नातवाने विचारलं, “आबा, तो माणूस आता कुठंय?”

तो सुरतेला गेला होता. आमच्याकडची निम्मी गावं सुरतेला गेली, तसाच. कापडाच्या कारखान्यात राहिला, तिथेच घर केलं. हे मला माहीत होतं, कारण सिनेमा पाहिल्यावर मी चौकशी केली होती, आणि आखाजीला तो गावी येतो असं कळल्यावर त्याला गाठलंही होतं. झोके बांधलेल्या निंबाखाली खाटेवर बसला होता. केस पांढरे, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. मला ओळखलं नाही. बँकेचं नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला, पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं.

त्याला तो अर्ज आठवत होता. ‘सुपरबॉइज’ त्याने पाहिला नव्हता, पण ‘मालेगाव के शोले’ सुरतेत कोणाकडे तरी पाहिला होता. मी विचारलं, “तुझ्या हिरोचं नाव काय ठेवणार होतास?”

तो बराच वेळ हसला. “नाव नव्हतं ठेवलेलं साहेब. तो पीजेचा गँगमन राहणार होता. दिवसा रूळ ठोकणार, रात्री उडणार. चपला मात्र टपावर काढून ठेवणार, नव्या होत्या ना.”

मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा मी तुझं काम करायला हवं होतं, असं काहीसं. त्याने हात झटकला.

“जाऊ द्या हो. आमच्याकडून कॅमेरा पाण्यातच पडला असता, आणि हप्ते तुम्ही वसूल केले असते.”

आतून त्याच्या सुनेने हाक मारली. पुरणपोळी झाली होती. सुरतेची गाडी संध्याकाळी पाचची होती आणि तिकिटं काढून झाली होती. त्याने मला जेवायला बसवलं, आणि जेवताना पीजेच्या टपावर चढायची जागा कुठली सोयीची, पहूर की भागदरा, यावर आम्ही वाद घातला. मी पहूर म्हणालो. त्याचं म्हणणं, पहूरला माणसं फार, उडताना कोणीतरी ओळखेल.