पचमढीस केव्हा जावे?

सहलीचा विषय निघाला की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात पहिले नाव पचमढीचे. सुमारे 1,067 मीटर उंचीवरील हे ठिकाण एके काळी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होते. म्हणून मे महिनाच उत्तम, असा समज रूढ झाला. आम्हांस तो निम्माच खरा वाटतो. रात्री सुखद असतात, पण धबधबे क्षीण झालेले. मग मुलांना दाखवायचे काय? नागपंचमीस नागद्वारीची यात्रा भरते. भाविकांची श्रद्धा मोठी, परंतु त्या निसरड्या वाटा वृद्धांच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. दसरा उलटला म्हणजे जमुना प्रपात भरलेला आणि धूपगडावर आकाश निरभ्र. हाच खरा हंगाम.

अडचण आहे ती संत्र्याच्या बागाईतदाराची. आंबिया बहाराची फळे नेमकी याच सुमारास तोडणीस येतात. घरधनी बाग सोडील कसा? सौदा होऊन माल हलेपर्यंत बायकामुलांची सहल दरसाल लांबणीवर पडते. मृग बहार धरणाऱ्यांची फळे फेब्रुवारीनंतरची. त्यांनी दिवाळीची सुट्टी दवडू नये. आंबियावाल्यांनी मात्र डिसेंबरअखेर निघावे. थंडी कडक असते. रजया सोबत घ्याव्यात, आणि धूपगडचा सूर्यास्त पाहून मुक्कामी लवकर परतावे.