रिकामं बसणं परवडत नाही

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने एक अहवाल छापला. फिंडले शिरास नावाच्या अधिकाऱ्याने शहरातल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून तो तयार केला होता. सरकारी अहवाल असतात तसाच तो कोरडा, कोष्टकांनी भरलेला. पण त्यात एक निष्कर्ष असा आहे की वाचणारा थबकतो. मुंबईचा कामगार धान्य खातो ते दुष्काळी संहितेने ठरवून दिलेल्या कमाल मापाइतकं, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढा आहार नेमून दिलाय, तेवढा या कामगाराच्या ताटात पडत नाही! दर शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिन्याकाठी एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

ही माणसं बेकार नव्हती. रोज दहा-दहा तास गिरणीत उभी होती. मुंबईच्या गरिबीचा विचार करायचा तर इथून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण या शहरातली गरिबी पहिल्यापासून डबा घेऊन कामावर जाणाऱ्यांची आहे. गावी काम नाही म्हणून माणूस इथं येतो, इथं त्याला काम मिळतं, आणि तरीही तो गरीब राहतो. ‘मुंबईत कुणी उपाशी झोपत नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. पोट भरल्यावर काय उरतं, हे मात्र विचारायचं राहून जातं.

आजही बेकारीचे आकडे पाहिले तर चित्र फार वाईट दिसत नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या शहरी भागात बेकारीचं प्रमाण, वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून, ५.१ टक्के होतं. पण हे मोजतात कसं? याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या, चालू साप्ताहिक पद्धतीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेलं असलं, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. जगभर साधारण हीच पद्धत आहे, त्यामुळे यात लबाडी नाही. मात्र नाक्यावर आठवड्यातून दोनच दिवस काम मिळालेला बिगारी आणि महिन्याला दोन लाख घेणारा बँकेतला अधिकारी या हिशेबात एकाच रकान्यात बसतात. बेकार म्हणवून घ्यायलाही ऐपत लागते. पदवी हातात घेऊन मनासारख्या नोकरीची वाट पाहायला घरात कुणीतरी कमावतं असावं लागतं. सुशिक्षितांमधली बेकारी अशिक्षितांपेक्षा जास्त दिसते, त्याचं एक कारण हेही आहे. ज्याचं भाडं पाच तारखेला द्यायचंय तो मिळेल ते काम धरतो.

बायकांचं काम तर निम्मंशिम्मं मोजणीतच येत नाही. मालाड-मालवणीकडे इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवणं, गोवंडी-धारावीत कपड्यांचे धागे कापणं, टिकल्यांची पाकिटं भरणं ही कामं घराघरांतून चालतात. मजुरी डझनावर किंवा ग्रोसवर. माल आणून देणारा माणूस ठरलेला, भाव त्याचा. खराब झालेले नग मजुरीतून वजा. वीज घरची, जागा घरची आणि शाळेतून आलेल्या मुलांचे हातही घरचेच. सर्वेक्षणवाला दारात येऊन ‘बाई काय करतात?’ विचारतो, तेव्हा उत्तर येतं, ‘घरीच असते.’

आता मिळकतीकडे येऊ. एक कुटुंब कल्पनेत धरू. गोवंडीत भाड्याच्या खोलीत राहणारी पाच माणसं. नवरा नाक्यावरचा बिगारी, महिन्यातले वीस दिवस काम, रोज ७००. झाले १४,०००. बायको चार घरची धुणीभांडी करते, घरामागे २,०००. झाले ८,०००. एकूण २२,००० महिन्याला, वर्षाचे २ लाख ६४ हजार. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात आणि गणपतीत गावी जावं लागतं, ते तूर्त सोडून देऊ.

हे कुटुंब गरीब आहे का? ते कुठल्या खिडकीवर उभं राहता यावर आहे. नियोजन आयोगाने २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या शहरी भागाची दारिद्र्यरेषा माणशी महिना १,१२६ रुपये धरली होती. म्हणजे दिवसाला साडेसदतीस रुपये. त्या मापाने राज्याच्या शहरांत अवघे ९.१२ टक्के लोक गरीब ठरले. आपल्या कुटुंबात माणशी ४,४०० येतात, तेव्हा महागाई धरूनही ते रेषेच्या खूप वर. (त्याच सुमारास, २०१३ साली, मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं एका खासदाराने जाहीरपणे सांगितलं होतं. कुठल्या खानावळीत, ते मुंबईकर अजून शोधताहेत.)

रेशनच्या दुकानात जा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंब ठरायला राज्याच्या शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे. महिन्याला पाच हजारांच्याही आत. १९९९ पासून आपल्याकडे तीन रंगांची शिधापत्रिका आहे; वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की केशरी जाऊन पांढरी. म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचं कार्ड नियमाने तिच्या मालकिणीच्याच रंगाचं! शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकाची मर्यादा एक लाख, तिथंही नाव कापलं. धर्मादाय रुग्णालयात १ लाख ८० हजारांच्या आतल्या निर्धनाला मोफत उपचार आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्या दुर्बल घटकाला सवलतीत, तेव्हा तिथं हे कुटुंब अर्धं गरीब. ‘लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा अडीच लाख, ती १४ हजारांनी हुकली. आणि म्हाडाच्या दारात गेलं तर सहा लाखांपर्यंत अत्यल्प उत्पन्न गट, म्हणजे तिथं ते गरिबातलं गरीब. फक्त लॉटरीत घर लागलंच तर त्याचे लाखो रुपये भरायला बँक या बिगाऱ्याला कर्ज देणार नाही, कारण त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रोजंदारीच्या उत्पन्नाला कागदोपत्री पुरावा नसतो. मग स्वयंघोषणा करून, ओळखीने, एजंटाला पैसे देऊन ज्या मर्यादेत बसायचं त्या मर्यादेचा दाखला काढला जातो. आपण याला खोटेपणा म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. ५९,००० रुपयांत मुंबईत पाच माणसं वर्षभर जगतात, हे गृहीतच जिथं खोटं आहे, तिथं खरा दाखला आणायचा कुठून?

त्या २२ हजारांतून जातं काय, तेही पाहण्यासारखं आहे. खोलीचं भाडं, लाइटबिल आणि किराणा तर कुणालाही चुकत नाही. पण गरिबाला इथं काही गोष्टी श्रीमंतापेक्षा महाग पडतात. नळजोडणी नसलेल्या वस्तीत पाणी गॅलनवर विकत घ्यावं लागतं, लिटरचा हिशेब केला तर तो सोसायटीतल्या दराच्या कितीतरी पट निघतो. शौचालयाला प्रत्येक खेपेला पैसे. गॅस पुरा भरून घ्यायला एकदम पैसे नसतात म्हणून किलोवर भरायचा, तो महाग. आणि उसने. वस्तीत आजही शेकडा पाच, शेकडा दहा दराने महिन्याच्या बोलीवर पैसे मिळतात. शिरास साहेबांच्या काळातला रुपयाला आणा हा दर शेकडा सव्वासहा होता. शंभर वर्षांत फार काही हललेलं नाही.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली होती, ती म्हणजे ‘परमनंट’ नोकरी. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढायला घेतली, तेव्हापासून कामगार मुकादमाच्या मर्जीवर होता. दस्तुरी दिली तर काम. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहून नाव पुकारलं जायची वाट पाहायचा. पुढे संप झाले, कायदे झाले, युनियन उभी राहिली आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या झगड्यानंतर गिरणी कामगाराला महागाई भत्ता, फंड, ग्रॅच्युइटी असं काहीतरी हाताला लागलं. पगार मोठा नव्हता, पण दहा तारखेला येणार हे नक्की होतं. त्या भरवशावर वाणी उधार द्यायचा, खानावळवाली महिन्याने पैसे घ्यायची, गावी मनिऑर्डर जायची. खानावळ चालवणाऱ्या याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, नाटक-सिनेमे झालेत, त्यामुळे पुन्हा सांगत नाही. कामाच्या बाजूने पाहिलं तर एवढंच: गिरण्या गेल्या म्हणून मुंबईत काम कमी झालं नाही, कामाची जात बदलली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, तिथं माणसं लागतातच. गेटवर रखवालदार, फरशी पुसायला हाऊसकीपिंगवाले, पार्किंगला पोरं. मात्र यांतलं जवळजवळ कुणीच मॉलचं नोकर नसतं. एजन्सीचे लोक. बारा तासांची ड्युटी आणि अकरा महिन्यांचं कंत्राट. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखावर गेली. त्यांतले कित्येक एव्हाना विरार, टिटवाळा, बदलापूरला राहून रोज याच भागात कामाला येतात.

ही पद्धत सरकारी घरातही शिरली. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार ‘आम्ही पालिकेचेच’ हे सिद्ध करायला कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत वर्षानुवर्षं भांडले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करायचा निकाल कायम ठेवला. वस्त्यांमध्ये झाडू मारणाऱ्यांना तर पालिका बरीच वर्षं कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हणत होती आणि मानधन देत होती. मानधन म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्न येत नाही.

कामाचं ठिकाण आणि राहण्याचं ठिकाण यांची फारकत हीही गरिबीतच मोजायला हवी. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी रुळांकडेच्या झोपड्या हटवल्या आणि माणसं मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत नेली. पक्कं घर मिळालं, २२५ चौरस फुटांचं का होईना. पण दादर-माहीमला चालत जाऊन चार घरं करणारी बाई मानखुर्दहून रोज तेवढ्याच वेळात कशी पोचणार? दोन घरं सुटतात. वर सोसायटीचा मेंटेनन्स आणि लिफ्टचं बिल सुरू होतं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द ज्यात येतं तो पालिकेचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. जिथं देवनारला शहराचा कचरा जातो, तिथंच प्रकल्पग्रस्तही पाठवले गेले, हा योगायोग नव्हे.

मग करायचं काय? शहरी रोजगार हमी, असं उत्तर पटकन सुचतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी महाराष्ट्राचीच, आणि तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला. आजही पगारदाराच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. म्हणजे गावातल्या मजुराच्या हमीचा मोठा वाटा शहरातल्या नोकरदाराने उचलला, पण शहरातल्या मजुराला ती लागू नाही. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी अशी योजना आणली. लहान शहरांत तिचा उपयोग होईलही. मुंबईत मात्र कामाची वानवा हे दुखणं नाही, कामाला धनी नाही हे आहे.

त्यावर उपायही याच शहराने शोधून ठेवलाय. मस्जिद बंदर, भायखळा इथं गोण्या वाहणारा हमाल नाक्यावरच्या बिगाऱ्याइतकाच बेवारस होता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्याच्याकडे. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ. कामगाराची नोंद टोळीत आणि टोळीची मंडळात. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. धनी रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत, इतकी साधी युक्ती. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. आता माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे निघालेत, बोगस टोळ्या आहेत, हे खरं आहे. पण त्यासाठी खंडणीखोर पकडावेत, कायद्याला का बदनाम करायचं?

बांधकाम कामगारांसाठीही मंडळ आहे आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर वसूल होतो. तिजोरी भरलेली आहे. नाक्यावरचा माणूस तिथवर पोचत नाही, कारण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा ठेकेदार असेल तर नव्वद दिवसांची सही कुणाची घ्यायची? पुन्हा एजंट आलाच.

आणि गंमत अशी की हा दाखला शहरात ठिकठिकाणी पडून आहे. तुमच्या-आमच्या सोसायटीत कुणी फ्लॅटचं काम काढलं की कमिटी डिपॉझिट घेते, मजुरांच्या आधारच्या झेरॉक्स घेते आणि गेटवरच्या वहीत किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर त्यांच्या येण्याजाण्याची वेळ टिपली जाते. नाव, फोटो, तारीख सगळं. चोरीच्या भीतीने ठेवलेली ही वही बांधकाम मंडळाने हजेरीपट म्हणून ग्राह्य धरली आणि डिपॉझिटमधून लेव्ही कापून घ्यायचा नियम केला, तर कदाचित नवा कायदासुद्धा लागणार नाही. फ्लॅटमालक कुरकुरतील. तीस लाखांच्या इंटिरियरमध्ये ती लेव्ही दरवाजांच्या मुठींइतकीही भरणार नाही.