पडद्यावरचा मुका कोपरा

झाशीच्या किल्ल्याखाली पसरलेल्या जुन्या शहरात बडा बाजार आहे. व्यापाऱ्याचा सारा हिशेब लाल कापडाच्या बहीत मावत असे, तो काळ आता मागे पडला. आज पेढीवरच्या मुनीमजींपुढे संगणक असतो आणि कित्येकदा त्याला एक सोडून दोन पडदे जोडलेले असतात. एकावर खातेवही, दुसऱ्यावर कराचे विवरणपत्र. एका संगणकाला अनेक पडदे जोडण्याची सोय मॅकिंटॉश दोनमध्ये १९८७ साली आणि विंडोज ९८ मध्ये १९९८ साली आली, आणि पुढे ती साध्या दुकानापर्यंत पोहोचली.

अशा पेढीवर एक प्रसंग उद्भवतो अशी कल्पना करावी. विवरणपत्र भरण्याची वीस तारीख तोंडावर आली आहे आणि उजव्या पडद्याच्या एका कोपऱ्यात माउसची टिचकी चालेनाशी झाली आहे. दिसते सारे नीट, परंतु तेथील बटण दबत नाही. कोणी म्हणतो पडदा बदला, कोणी म्हणतो यंत्र पुसून सारे नव्याने भरा. पहिल्या सल्ल्याने पैसा जातो. दुसऱ्याने, हिशेबाची प्रत काढून ठेवली नसेल तर, वर्षाची खातेवहीच जाते. वस्तुतः असा मुका कोपरा पुष्कळदा काचेच्या दोषामुळे नसतोच. म्हणून घाई करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या ठिकाणी केलेली टिचकी कोणाच्या हाती पडते?

प्रथम उघडे काम जतन करावे आणि माउसचा बाण त्या जागी नेऊन पाहावा. बाण तेथे पोहोचतच नसेल, तर दोष बहुधा पडद्यांच्या मांडणीत असतो. संगणक दोन्ही पडद्यांना एकाच मोठ्या अंगणाचे दोन भाग समजतो. शेजारच्या दोन घरांच्या गच्च्या जेथे एकमेकींना भिडतात, तेथूनच पलीकडे जाता येते. तसाच हा प्रकार आहे. एका पडद्यावर उभ्या दिशेने १०८० ठिपके आणि दुसऱ्यावर ७६८ असतील, व दोघांच्या वरच्या कडा जुळविल्या असतील, तर मोठ्या पडद्याच्या खालच्या ३१२ ठिपक्यांना पलीकडे शेजारच उरत नाही. तेथे बाण भिंतीला धडकल्यासारखा अडतो. यावर उपाय सोपा आहे. सेटिंग्जमधील डिस्प्ले या विभागात दोन्ही पडद्यांच्या चौकटी दिसतात. त्या टेबलावर पडदे जसे ठेवले आहेत तशा सरकवाव्या. पूर्वी जोडलेला व आता काढून घेतलेला पडदा तेथे अजून दिसत असेल, तर तोही बंद करावा. नाही तर एखादी खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसते.

बाण तेथे जातो, पण टिचकीला उत्तर मिळत नाही, असे असेल तर गोष्ट निराळी. मग अडलेली खिडकी ओढून पडद्याच्या मधोमध आणावी. येथे तेच बटण चालू लागले, तर तो प्रोग्राम निर्दोष ठरतो. मुकी जागा मात्र तेथेच राहिली, तर तिच्यावर दुसरीच एखादी अदृश्य खिडकी पसरली असण्याचा संभव फार. संगणक प्रत्येक टिचकी त्या ठिकाणच्या सर्वांत वरच्या खिडकीला देतो, आणि वरची खिडकी पूर्ण पारदर्शक असली तरी टिचकी गिळू शकते. पडद्याचे चित्रण करणारे, संदेश दाखविणारे किंवा दुरून साहाय्य देणारे प्रोग्राम अशा खिडक्या मागे ठेवून जातात. घड्याळाजवळील लहान चिन्हांतून असे प्रोग्राम एकेक करून बंद करावे आणि प्रत्येक वेळी ती जागा तपासावी. ज्याच्या जाण्याने कोपरा बोलू लागतो, तोच गुन्हेगार. नुसता संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यानेही कोपरा बहुधा मोकळा होतो; पण गुन्हेगार ओळखला नाही तर अडचण परत येते.

तिसरी शक्यता स्पर्शाच्या पडद्याची. माउस चालतो, बोट चालत नाही, असे असेल तर काचेवरील स्पर्श ओळखणाऱ्या थराकडे पाहावे. चित्राची तार वेगळी आणि स्पर्शाची यूएसबी तार वेगळी, हे अनेकांच्या ध्यानी नसते. ती निसटली तर चित्र राहते, स्पर्श जातो. डाव्या पडद्यावर बोट ठेवताच उजवीकडे काही हलत असेल, तर स्पर्शाची नोंद चुकीच्या पडद्याशी जोडली गेली आहे; ती कंट्रोल पॅनेलमधील टॅब्लेट पीसी सेटिंग्जमधून सुधारता येते.

अखेरची परीक्षा म्हणजे तोच पडदा दुसऱ्या संगणकाला जोडणे. स्पर्शाला मुका असलेला पट्टा तेथेही त्याच जागी राहिला, तर काचच बिघडली असे खुशाल मानावे आणि दुरुस्ती करणाऱ्यास बोलवावे. पट्टा नाहीसा झाला, तर दोष पहिल्या संगणकाच्या मांडणीत वा प्रोग्राममध्ये आहे, आणि नव्या पडद्यावर खर्च केलेला रुपया व्यर्थ गेला असता.

या साऱ्या पायऱ्यांत काहीही पुसावे लागत नाही. बाण, खिडकी, तार आणि शेवटी काच, या क्रमाने गेले की वीस तारखेचे विवरणपत्र वेळेवर जाते आणि खातेवहीही जागच्या जागी राहते.